उघड्यावरचे ‘संगीत शाकुंतल’ पाहायला येताना

आपण प्रथमच उघड्यावरचे संगीत नाटक, तेही क्वचितच होणारे ‘संगीत शाकुंतल’, पाहायला रत्नागिरीकडे येत आहात, म्हणून आधी एवढेच सांगतो की नांदी, म्हणजे नाटकारंभीचे मंगलगीत, चुकवू नका. ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही मुळात याच नाटकाची नांदी आहे. या नाटकाचे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० मध्ये पुण्यात याचे पहिले चारच अंक रंगभूमीवर आणले होते, उरलेले मागाहून आले. सातही अंक आणि सगळी पदे एका रात्रीत मावत नाहीत, तेव्हा काटछाट दिसली तर राग मानू नये.

कथा वाचून या, कारण पदांतले शब्द वाऱ्यावर विरतात. जागा ऑर्गन-तबल्याच्या बाजूची धरा, कर्ण्यासमोरची नव्हे. इथल्या दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, सैल पडून सूर उतरतो, म्हणून तबलजी मधूनमधून हातोडीने गट्टे, म्हणजे वाद्यांखाली बसवलेले लाकडी ठोकळे, ठोकून सूर जुळवून घेतो, आणि तेवढ्यात चहाला उठणे मला तरी असभ्यपणाचे वाटते. चौथ्या अंकात, कण्व शकुंतलेला सासरी पाठवतो तिथे, ‘वन्स मोअर’ मागू नका.

मेअखेरीस वळवाची सर येऊ शकते. छत्री न आणता रेनकोट आणा, मागच्यांनाही रंगमंच दिसला पाहिजे. नाटक संपेपर्यंत शेवटची एसटी निघून गेलेली असते, त्यामुळे मुक्कामाची सोय दिवसाउजेडीच करून ठेवावी.