मेक्सिकोतल्या कॅनकूनहून चिचेन इत्झाला (माया संस्कृतीच्या प्राचीन शहराच्या अवशेषांना) गर्दीच्या आधी पोचायचं तर किती वाजता निघावं?

कॅनकूनच्या घड्याळाप्रमाणे सकाळी सव्वासहाला निघा. अंतर साधारण 200 किलोमीटर, गाडीने अडीच तास. दार आठला उघडतं, पण युकातानचं (चिचेन इत्झा ज्या राज्यात आहे त्याचं) घड्याळ कॅनकूनपेक्षा एक तास मागे आहे, म्हणजे तुमचे नऊ. (परतताना हाच तास हातचा जातो, विमान असेल तर जपून.) तिथल्या अकराच्या सुमारास टूरच्या बसगाड्या आल्या की सावलीलाही जागा उरत नाही. तिकिटं दोन, राज्याचं वेगळं आणि केंद्राचं वेगळं. रोख पेसो जवळ ठेवा. पिरॅमिडवर चढायला बंदी आहे, पण उत्तरेच्या जिन्यासमोर टाळी वाजवा, पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो. मुक्काम युकातानमधल्याच, जवळच्या वायादोलिद शहरात असेल तर मात्र तिथल्या घड्याळाप्रमाणे सव्वासातला निघालं तरी चालेल.