पेटंट वकिलाला न्यायाधीश होता येते का?

प्रश्न : माझी मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली असून आता कायद्याचे शिक्षण घेऊन तिला पेटंट वकील व्हायचे आहे. अमेरिकेत पेटंटची वकिली करणारी मंडळी पुढे अपील न्यायालयात न्यायाधीश झाली, असे तिने वाचले आहे आणि आपणही त्याच वाटेने जाऊ, असे ती म्हणते. आमच्या घरात आजवर कोणी कोर्टाची पायरी चढलेले नाही. त्यापेक्षा तिने सरळ न्यायाधीशाची परीक्षा द्यावी, असे मला वाटते. आपले मत कळवावे. — एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या कन्येने वाचलेले खरे आहे. पॉलिन न्यूमन यांनी १९५२ मध्ये येल विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवली, पुढे कायद्याची पदवी घेतली, एका रसायन कंपनीत सुमारे तीस वर्षे पेटंटचे काम केले आणि १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांना थेट फेडरल सर्किट या अपील न्यायालयावर नेमले. त्यांच्या आधीच्या पिढीतील गाइल्स रिच हेही पेटंट वकीलच होते. अमेरिकेच्या १९५२ च्या पेटंट कायद्याचा मसुदा तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९५६ मध्ये ते न्यायाधीश झाले आणि १९९९ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी निधन होईपर्यंत पदावर राहिले. आपल्या आनंद चक्रवर्ती यांनी घडवलेल्या, खनिज तेलाचे विघटन करणाऱ्या जिवाणूला पेटंट मिळू शकते, हा १९७९ चा निर्णय रिच यांनीच लिहिला होता. तो १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायम केला.

मात्र ही माणसे ज्या खुर्चीवर बसली, तशी खुर्ची आपल्याकडे नाही. रिच आधी ज्यावर होते त्या जुन्या न्यायालयाच्या जागी फेडरल सर्किट १९८२ मध्ये स्थापन झाले आणि देशभरातील पेटंटची अपिले त्या एकाच न्यायालयाकडे जातात. आपल्याकडे बौद्धिक संपदा अपील मंडळ होते, ते एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाले. तेव्हापासून पेटंट नियंत्रकाच्या निर्णयाविरुद्धची अपिले उच्च न्यायालयात चालतात. सांगली-साताऱ्याचा अर्जदार मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज करतो, त्यामुळे त्याचे अपील मुंबई उच्च न्यायालयापुढे येते. तेथे कोणत्या न्यायमूर्तींनी कोणती प्रकरणे ऐकायची, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. म्हणजे पेटंटमध्ये हयात घालवलेली व्यक्ती न्यायमूर्ती झाली, तरी सकाळी तिच्यासमोर जामिनाचा अर्ज आणि दुपारी भूसंपादनाचा वाद येऊ शकतो. तरीही हा रस्ता बंद नाही. बौद्धिक संपदेच्या वकिलीत नाव झालेल्या प्रतिभा सिंह २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या.

आपण सुचवलेली परीक्षा हा वेगळाच मार्ग आहे. लोकसेवा आयोगामार्फत होणारी ती परीक्षा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी असते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निर्णयामुळे त्यासाठी आता तीन वर्षांची वकिली आवश्यक झाली आहे. नोकरी म्हणून ती उत्तमच आहे, परंतु तेथे रसायनशास्त्राचा उपयोग जवळजवळ नाही. उच्च न्यायालयात वकिलांमधून होणाऱ्या नेमणुकीला परीक्षा नसते. किमान दहा वर्षांची वकिली, कॉलेजियमची (ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या निवड मंडळाची) शिफारस आणि राष्ट्रपतींची नियुक्ती असा तो क्रम असून निवृत्तीचे वय ६२ आहे. हे पद अर्ज करून मिळत नाही, म्हणून ते ध्येय धरून अभ्यासक्रम निवडणे मला शहाणपणाचे वाटत नाही. काम आवडते का, एवढेच आधी पाहावे.

ते काम कसे असते, हे आपल्या गावातलेच उदाहरण घेऊन सांगतो. समजा, हळद पॉलिश करण्याच्या ड्रममध्ये एका कारागिराने सुधारणा केली आणि तो वकिलाकडे आला. वकिलाने पेटंटच्या दाव्यात (हा दावा म्हणजे कोर्टात लावतात तो दावा नव्हे, तर शोधाची हद्द सांगणारे वाक्य) ‘लोखंडी जाळी’ असे लिहिले, तर शेजारचा कारखानदार स्टीलची जाळी बसवून मोकळा होईल. ‘छिद्रे असलेला कोणताही पृष्ठभाग’ असे लिहिले, तर वर्षानुवर्षे फिरत असलेले जुने ड्रमही त्याच हद्दीत येतील आणि यात नवीन ते काय, असे म्हणून पेटंटच उडेल. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते याच कारणाने. हा उपयोग भारतात आधीपासून माहीत होता, हे सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने जुन्या ग्रंथांच्या आधारे दाखवून दिले. एका शब्दापायी वकील दोन-दोन दिवस अडून बसतो. न्यायाधीशाला तोच शब्द उलट बाजूने वाचावा लागतो. वकील असताना हद्द जितकी रुंद करता येईल तितकी करण्याची सवय लागलेली असते आणि ती न्यायासनावर बसताना सोडावी लागते. विषयाच्या जाणकाराला हे नवख्यापेक्षा अधिक जड जाते, असे माझे मत आहे.

म्हणून तिने आधी पेटंट एजंटची (पेटंट कार्यालयात दुसऱ्याच्या वतीने अर्ज चालवणाऱ्याची) परीक्षा द्यावी. त्यासाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी पुरते, कायद्याची लागत नाही. प्रत्येक लेखी पेपरात किमान ५० टक्के आणि तोंडी परीक्षेसह एकूण ६० टक्के गुण मिळवावे लागतात. मसुदे लिहिण्यात ती रमली, तर तीन वर्षांचे एलएल.बी. करावे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारे न्यायपीठ) सुरू झाले आहे आणि सांगली-सातारा त्याच्याच अधिकारक्षेत्रात येतात, त्यामुळे उच्च न्यायालयातील वकिली आता घरापासून तासाभराच्या अंतरावर आली आहे. पेटंटची कामे मात्र मुख्यतः मुंबई, दिल्ली आणि चेन्नईतच मिळतात. तेव्हा उमेदवारीची पहिली काही वर्षे तिला मुंबईत राहावे लागेल, याची तयारी आपण घरातल्यांनी आत्तापासूनच ठेवावी.