डॉक्टरांना प्रश्न विचारला, तर तोही आजारच?

प्रश्न : मला बायपोलर आजार आहे, लिथियम चालू आहे. हात थरथरतात, सारखी तहान लागते. म्हणून मागच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं, डोस कमी करता येईल का आणि रक्ततपासणी कधी करायची? ते माझ्याऐवजी नवऱ्याकडे पाहून म्हणाले, "यांची चिडचिड वाढलेली दिसते." घरी आल्यावर नवराही म्हणाला, "तू वाद घालायला लागलीस की समजायचं, तब्येत बिघडतेय." आता मलाच माझा भरवसा वाटेनासा झालाय. गप्प बसावं का?

उत्तर : अजिबात नाही. तुम्ही विचारलेल्या दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी स्वतःहून काढायला हव्या होत्या. लिथियमची गुण देणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. म्हणून रक्तातली पातळी ठरावीक काळाने बघावी लागते. ती बहुतेकांमध्ये ०.६ ते १.० मिलीमोल प्रतिलीटरच्या आसपास ठेवतात. मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्याही होतात. थरथर आणि तहान हे दुष्परिणाम ओळखीचेच आहेत. मात्र थरथर एकाएकी वाढली, उलट्या-जुलाब सुरू झाले, तोल जाऊ लागला किंवा बोलताना जीभ जड झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर घेऊ नका, तिने लिथियमची पातळी चढते.

आता त्या नवऱ्याकडे पाहण्याबद्दल. निवृत्त होईपर्यंत मी टेबलाच्या डॉक्टरांच्या बाजूला बसले आहे, त्यामुळे ती नजर मला ठाऊक आहे. आमच्या केसपेपरवर 'इन्साइट' म्हणून एक नोंद असते. रुग्णाला आपल्या आजाराची जाण कितपत आहे, ते तिथे लिहायचं. रुग्णाने मान डोलावली की जाण चांगली आणि 'पण का?' म्हटलं की जाण नाही, असं किती सहज लिहिलं जातं!

ही खोड जुनी आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात एलिझाबेथ पॅकर्ड नावाची बाई होती. नवरा धर्मोपदेशक, हिची धार्मिक मतं वेगळी आणि ती हे उघड बोलायची. १८६० साली त्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. बायकोला तिथे पाठवायला तेव्हा तिथल्या कायद्यानुसार नवऱ्याची मागणी आणि इस्पितळाच्या प्रमुखाचा होकार एवढं पुरायचं, जाहीर सुनावणी लागत नसे. तीन वर्षं आत काढून ती बाहेर आली. पुढे १८६४ मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा ज्युरीला ती शहाणी आहे हे ठरवायला सात मिनिटं लागली. सोव्हिएत संघात तर सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांसाठी 'मंदगती स्किझोफ्रेनिया' हे निदान हाताशीच असे. समलैंगिकता आजारांच्या अमेरिकी यादीत होती. ती १९७३ मध्ये निघाली, पण त्याआधी कार्यकर्त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या परिषदांत घुसून गोंधळ घातला होता. १९७२ च्या परिषदेत जॉन फ्रायर नावाचे समलैंगिक डॉक्टर बोलले, तेही मुखवटा चढवून आणि आवाज बदलणाऱ्या माइकवर. तज्ज्ञालाच आपल्या तज्ज्ञ मंडळींसमोर तोंड लपवावं लागलं, मग तुमचा धीर सुटला तर नवल काय?

तरी तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. उन्मादाच्या, म्हणजे बायपोलरमध्ये मन भलतंच चढतं त्या, झटक्याआधी चिडचिड येते, आणि त्याने ती बहुधा पाहिली असेल. तो घाबरलाय. पण त्या चिडचिडीबरोबर आणखीही काही येतं. झोप कमी होते आणि तरी थकवा जाणवत नाही, बोलण्याला लगाम राहत नाही, खर्च सुटतो, एकाच वेळी दहा कामं हाती घेतली जातात. रात्री नीट झोपणाऱ्या बाईने रक्ततपासणीची तारीख विचारली, हे त्यात बसत नाही. सध्या बरं वाटतंय तोवर दोघं बसा आणि तुमची बिघडण्याची लक्षणं कोणती, ते कागदावर लिहा. त्या वेळी कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, निर्णय कुणी घ्यायचा, तेही लिहा. एक प्रत डॉक्टरांच्या फाइलला लावा. 'वाद घालते' हे त्या यादीत घालू देऊ नका.

पुढच्या भेटीत प्रश्न लिहून न्या आणि पहिली काही मिनिटं एकटीने बोलायचंय असं सांगा. तपासण्यांच्या प्रती मागा. तरीही उत्तर मिळालं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्याला बेइमानी म्हणत नाहीत. फक्त रागाच्या भरात लिथियम बंद करू नका. ते एकदम सोडलं तर उन्माद उलटण्याचा धोका वाढतो.

प्रश्न : मला नैराश्यासाठी गोळ्या देताना मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झाल्याचं सांगितलं होतं. आता मुलगा म्हणतो, ते खोटं निघालं, सगळं मानसोपचारशास्त्रच थोतांड आहे. गोळ्या फेकून देऊ?

उत्तर : फेकू नका. सेरोटोनिनची कमतरता हेच कारण, याला पक्का पुरावा नाही, इथवर मुलाचं बरोबर आहे. आमच्या लोकांनी ते फार ठामपणे सांगितलं. पण पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणजे अंगात पॅरासिटामॉल कमी पडलं होतं, असं थोडंच असतं? गोळीचा गुण येतो की नाही आणि तो का येतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर तुमच्याजवळ आहे.

मुलाला हेही सांगा की शंका टीकाकारांवरही घ्यावी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनहान यांचा १९७३ चा प्रयोग तो बहुधा ऐकवेल. आवाज ऐकू येतात असं खोटं सांगून धडधाकट माणसं इस्पितळात भरती झाली आणि तिथल्या डॉक्टरांना पत्ता लागला नाही, असा तो होता. त्या प्रयोगातल्या नोंदी नंतर तपासल्या गेल्या, तेव्हा बऱ्याच गोष्टी जुळल्या नाहीत.

गोळ्या थांबवायच्याच असतील तर डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करा. एकदम बंद केल्यास गरगरणं, अस्वस्थता, डोक्यात विजेसारखे झटके असा त्रास होऊ शकतो, आणि तो आजारच परतल्यासारखा वाटतो. किती टप्प्यांत कमी करायच्या आणि त्रास झाला तर मागच्या डोसवर कधी यायचं, हे आधीच विचारून लिहून घ्या.