आरोग्य प्रश्नोत्तरे: रोजच्या हवेतला धूर आणि धूळ

कराडजवळ महामार्गाला लागून आमचं घर आणि दुकान आहे. ट्रकांचा धूर, रस्त्याच्या कामाची धूळ रोजचीच. आठ वर्षांत ना खोकला, ना धाप. वय ४७. छातीचा एक्स-रेही स्वच्छ आला. मग काळजीचं काही कारण आहे का?

आहे, आणि ते फुफ्फुसांपेक्षा हृदयाचं जास्त आहे.

काउंटरवर बोटाने रेघ ओढता येते ती धूळ जाड असते. ती नाकात, घशात अडकते आणि शिंकेतून, बेडक्यातून बाहेर पडते. तिचा त्रास होतो, पण ती फार खोल जात नाही. खरा धोका अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचा. आपल्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते, त्यावरून अंदाज करा. हे कण डिझेलच्या धुरातून, पेटवलेल्या पाचटातून (उसाच्या वाळलेल्या पाल्यातून), चुलीतून, जाळलेल्या कचऱ्यातून निघतात आणि थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत, पोचतात. तिथे बारीक सूज धरते. त्या सुजेतली रसायनं रक्तात उतरतात, सर्वांत बारीक कण तर स्वतःच रक्तात शिरतात. मग रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, चरबीचे थर लवकर साचतात, रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढते, रक्तदाब चढतो. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं आणि एक्स-रेत त्यातलं काही दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे जगात सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले. त्यातले जवळपास ६८ टक्के हृदयविकार आणि पक्षाघाताचे होते, फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे ४ टक्के. म्हणून ‘खोकला नाही म्हणजे बरं आहे’ हा हिशेब इथे लागू पडत नाही.

तुमच्या वयाला दर सहा महिन्यांनी रक्तदाब, वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा. धूम्रपान, तंबाखू, मिश्री यांतलं काही चालू असेल तर ते आधी बंद करा. रक्तवाहिन्यांवर दोन्हीकडून मार बसू देऊ नका. झोपायची खोली घराच्या मागच्या बाजूला हलवा. वाहनांचा ताजा धूर रस्त्यापासून दीडशे-दोनशे मीटरवर बराच विरतो, आणि मधे घराच्या भिंती आल्या तरी थोडा फरक पडतोच. रस्त्याकडच्या खिडक्या सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळनंतर बंद ठेवा, दुपारी उघडा. दुकान कोरड्या केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसा. दारासमोर पाणी मारल्याने धूळ बसते, डिझेलचा धूर मात्र त्याने कमी होत नाही.

मोबाइलवर सांगलीचा हवा निर्देशांक बहुतेक दिवस ८०-९० दिसतो आणि खाली ‘समाधानकारक’ लिहिलेलं असतं. मग घाबरायचं कशाला?

तो शब्द एका दिवसापुरता आहे. आपल्या देशाच्या निर्देशांकात ५१ ते १०० म्हणजे समाधानकारक. तो आकडा बारीक कणांमुळे आला असेल, तर १०० या आकड्याचा अर्थ २४ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम कण. एखादा दिवस असा गेला तर धडधाकट माणसाला काही जाणवत नाही. पण वर्षभराच्या सरासरीसाठी भारताची मर्यादा ४० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची, २०२१ पासून, फक्त ५. म्हणजे रोज ‘समाधानकारक’च्या वरच्या टोकाला राहणारं गाव वर्षाच्या हिशेबात आपल्याच मर्यादेच्या दीडपट आणि जागतिक शिफारशीच्या बारा पट बारीक कण श्वासात घेतं.

दीर्घकालीन आजार ठरतात ते वर्षाच्या सरासरीवर. दिवाळीच्या एका रात्रीपेक्षा उरलेले ३६४ दिवस महत्त्वाचे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगलीचं नाव आहे ते याचसाठी. निर्देशांक बघताना त्या दिवशीचा मुख्य प्रदूषक कोणता तेही बघा. पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) असेल तर रस्त्याची, बांधकामाची धूळ, पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) असेल तर बहुधा जळण.

पलूस तालुक्यात राहतो. ऊसतोडीच्या हंगामात रोज कुणी ना कुणी पाचट पेटवतं. वडील ६४ वर्षांचे, विडी कधी ओढली नाही, तरी दहा वर्षं ‘दम्याचं’ औषध चालू आहे. तीन-चार महिन्यांच्या धुराने कायमचं नुकसान होतं का? आणि पाचट जाळायचं नाही तर करायचं काय?

आधी वडिलांचं बघू. आपल्याकडे धाप लागली की तिला दमा म्हणतात, पण दमा आणि सीओपीडी हे वेगळे आजार आहेत. दम्यात श्वासनळ्या आवळतात आणि बऱ्यापैकी पूर्ववत होतात. सीओपीडीत त्या कायमच्या अरुंद होतात. विडी न ओढणाऱ्यांनाही तो होतो: वर्षानुवर्षांची चूल, शेतातला धूर, धुळीचं काम. त्यामुळे हंगाम तीन-चार महिन्यांचा असला तरी दरवर्षी येतो, हे विसरू नका. असे चाळीस हंगाम छातीत जमा होत जातात.

फरक कळायला स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, करा. सांगली-मिरजेला छातीरोगतज्ज्ञांकडे ती होते. नळीत पूर्ण जोराने, निदान सहा सेकंद फुंकायचं, असं तीन वेळा. मग साल्ब्युटामॉल हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध ओढून पंधरा मिनिटांनी पुन्हा. औषधानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या ०.७० पेक्षा कमी राहिली, तर सीओपीडी धरतात. ही तपासणी अनेकदा वाया जाते, कारण पेशंट लाजून हळू फुंकतो किंवा सकाळीच इनहेलर घेऊन येतो. कोणतं औषध किती तास आधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारूनच जा. निदान महत्त्वाचं, कारण दम्यात ओढायचं स्टेरॉइड हा उपचाराचा पाया असतो, सीओपीडीत श्वासनळ्या दीर्घकाळ मोकळ्या ठेवणारी औषधं. फ्लू आणि न्यूमोकोकल लसींचंही विचारून घ्या. धुराच्या दिवशी वडिलांनी शेताकडे जाऊ नये. छातीत दुखलं, ओठ निळसर झाले किंवा बोलताना वाक्य पुरं होईना, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

आता पाचट. हेक्टरी आठ-दहा टन निघतं. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारं पुढचं पीक) ठेवणार असाल तर पाचट सरीत पसरा आणि बुडखे जमिनीलगत छाटा. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन, असं प्रमाण धरतात. संवर्धन कोरडंच भुरभुरू नका, ओलसर शेणखतात मिसळून टाका आणि लगेच पाणी द्या. ओल नसेल तर जिवाणू मरतात, पाचट तसंच पडून राहतं आणि एखाद्या ठिणगीने पेटतं.

‘पाचट ठेवलं आणि खोडवा पिवळा पडला’ ही तक्रार आम्ही फार ऐकतो. ती खरी असते, पण दोष पाचटाचा नसतो. पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडं. ते कुजवताना जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि उसाला कमी पडतं. वरचा युरिया त्यासाठीच आहे. तो वाचवला की पुढच्या वर्षी काडेपेटी हातात येते. पिकाची खतंही पाचटावर फेकू नका, पहारीने भोक पाडून मुळाशी द्या. शेजाऱ्याला ‘जाळू नको’ म्हणण्यापेक्षा एवढं गणित समजावून सांगा, ते जास्त पटतं.

मुलगा ११ वर्षांचा, सांगलीत पहाटे साडेपाचला धावायच्या सरावाला जातो. हिवाळ्यात मैदानावर धूर साचलेला दिसतो. सराव बंद करावा का?

बंद नको, वेळ बदला. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि कृष्णाकाठचा धूर त्याखाली कोंडतो. ऊन चढलं की झाकण सुटतं. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत दुपारी चार ते साडेपाचची हवा पहाटेपेक्षा सहसा बरी असते. धावताना श्वास कित्येक पटींनी वाढतो आणि बराचसा तोंडाने घेतला जातो, म्हणून वेळेला इतकं महत्त्व.

फुफ्फुसं विशीच्या आसपासपर्यंत वाढत असतात. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांना १० ते १८ वर्षं वयापर्यंत दरवर्षी तपासत गेले, तेव्हा जास्त प्रदूषित गावांतल्या मुलांच्या फुफ्फुसांची वाढ कमी भरली. पुढे तिथली हवा सुधारली आणि नंतरच्या मुलांची वाढही सुधारली. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. शाळेला पत्र लिहून वेळ बदलून मागा, आणि मैदानाच्या कोपऱ्यात पालापाचोळा जाळत असतील तर तेही थांबवायला सांगा.

धुळीत काम केल्यावर गूळ खाल्ला की छाती साफ होते म्हणतात. खरं का?

नाही. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, श्वासनळीत नाही. श्वासनळ्यांना स्वतःची झाडू आहे: सूक्ष्म केस चिकट द्रव वर ढकलत राहतात. पण वायुकोशांत हे केस नसतात, तिथे गेलेले कण उचलायला फक्त पेशी असतात आणि त्यांचीही दमछाक होते. गूळ चवीला खा. मधुमेह असेल तर ‘औषध’ म्हणून तर मुळीच नको.

साताऱ्यात स्कूटरवरून रोज २० किलोमीटर जाणं-येणं होतं. ओढणी गुंडाळते. पुरते का? आणि घरात हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यावं का?

ओढणी, रुमाल, ओला केला तरी, फक्त जाड धूळ अडवतात. बारीक कणांसाठी एन-९५ मास्क लागतो आणि तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोग. नाकावरची पट्टी दोन्ही बोटांनी दाबा, जोरात श्वास सोडा, डोळ्यांकडे हवा आली तर तो गळतोय. कानांत अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे पट्टे चांगले. ओला झाला, पट्टे सैल झाले किंवा श्वास जड वाटू लागला की बदला. धुऊ नका, त्याची गाळण्याची ताकद जाते.

घरात दम्याचा, हृदयाचा पेशंट किंवा गरोदर बाई नसेल तर यंत्राचा खर्च आम्ही पहिला सांगणार नाही. घ्यायचंच असेल तर खोलीचं माप काढा. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर यंत्राची क्षमता ताशी निदान १७० घनमीटर हवी, तीही मधल्या वेगावर, कारण सर्वांत मोठ्या वेगाचा आवाज रात्री कुणी सहन करत नाही आणि यंत्र बंद होतं. हेपा (बारीक कण अडवणारा) फिल्टर असलेलं घ्या, ओझोन सोडणारं घेऊ नका. चालू असताना दार-खिडकी बंद ठेवा आणि त्या खोलीत उदबत्ती, कॉइल लावू नका.