साइज चार्ट टाकूनही कपडे परत येतात, काय करू?

तुम्ही म्हणताय की चार्ट आहे तरी 'साइज बसली नाही' म्हणून पार्सलं परत येतात. मी ऑनलाइन कपड्यांचं लिस्टिंग आणि रिटर्न दोन्ही बघतो, म्हणून आधी एकच विचारतो, तुमचा चार्ट अंगाच्या मापाचा आहे की कपड्याच्या?

आमच्या शर्टाच्या चार्टवर एम पुढे नुसतं 'छाती ४० इंच' होतं. ते अंगाचं माप. गिऱ्हाईक काय करायचं, तर कपाटातला नीट बसणारा शर्ट काढून मोजायचं, तो भरायचा ४४ (शर्ट अंगापेक्षा तीन-चार इंच सैल असतोच), मग चार्टमध्ये ४४ शोधून एक्सएल मागवायचं आणि शर्ट परत, कारण काय तर 'फार मोठा झाला'. त्यात त्याची काय चूक? आता आम्ही दोन्ही मापं वेगवेगळी लिहितो आणि सोबत एक फोटो टाकतो, शर्ट बटणं लावून सपाट पसरलेला, टेप एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत, २२ इंच आलं तर दुप्पट करा ४४. लोकांना स्वतःचं अंग मोजायचा कंटाळा असतो, आवडता शर्ट मात्र पटकन मोजतात.

दुसरं, रिटर्नच्या कारणात नुसतं 'लहान झाला' ठेवू नका, त्यातून काहीच कळत नाही. कुठे लहान? खांद्यात, पोटावर, मांडीत? आमची एक पॅन्ट कमरेला बसायची पण मांडीत अडकायची, तिथे 'एक साइज मोठी घ्या' सांगितलं असतं तर कंबर ढगळ झाली असती, म्हणजे दोष पॅटर्नचा (ज्या साच्यावरून कापड कापतात त्याचा), चार्टचा नव्हताच.

आणि सगळ्या मालाला एकच चार्ट चिकटवू नका. स्ट्रेच कापड वेगळं, साधं कॉटन वेगळं, कॉटन पहिल्या धुण्यात आटत असेल तर एक पीस धुऊन मोजा आणि तसं लिहा. नवीन लॉट आला की प्रत्येक साइजचे दोन-तीन पीस टेपने मोजा, थर लावून कापताना वरच्या आणि खालच्या थरात थोडा फरक पडू शकतो, शिलाईत अजून पडतो.

मॉडेलची उंची आणि तिने घातलेली साइज लिहा, पण शूटिंगला मागून पिना लावून कपडा टाइट केला असेल (करतात हो सर्रास!) तर तो फोटो बघूनच माणूस फसतो.

साइज सुचवणारं महागडं टूल एवढ्यात घेऊ नका, त्याला तुमचीच चुकीची मापं दिलीत तर ते चुकीचंच सांगणार. शिवाय जे मुद्दाम दोन साइज मागवून एक परत करतात त्यांचा हिशेब वेगळा काढा, नाहीतर चार्ट सुधारूनही आकडा हलत नाही असं वाटत राहील.