लिंकनचे हात आणि हार्वर्डचा बूट

गेल्या अंकात या पानावर डॅनिएल चेस्टर फ्रेंच (1850–1931) या अमेरिकन शिल्पकाराची ओळख करून दिली होती. वॉशिंग्टनमधला खुर्चीत बसलेला संगमरवरी लिंकन त्यांचा. मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या बऱ्याच वाचकांनी फ्रेंच यांचं काही ना काही पाहिलेलं आहे, ते कोणाचं हे तेवढं ठाऊक नव्हतं, असं पत्रांवरून दिसतं. काही प्रश्न इथे घेते.

प्रश्न : हार्वर्ड विद्यापीठातल्या जॉन हार्वर्डच्या पुतळ्याचा एक बूट सोन्यासारखा चमकतो, बाकी पुतळा काळपट आहे. तेवढ्याच भागाला मुलामा दिला आहे का? (वाचक, पुणे)

मुलामा नाही. पुतळ्याच्या धातूचा मूळ रंगच तो. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. ओतकाम झालं, साचा फोडला, कानस आणि पॉलिश झालं की पुतळा पिवळाधमक असतो. मग त्याला ब्लोटॉर्चने तापवत वरून रसायनं मारतात आणि हवी ती तपकिरी, काळी किंवा हिरवट छटा आणतात. आम्ही त्याला पॅटिना चढवणं म्हणतो. वरून मेणाचा हात फिरतो. हा थर अगदी पातळ असतो. नशीब फळफळतं या समजुतीने पर्यटक डाव्या बुटाचं टोक चोळतात, तिथला पॅटिना झिजला आणि खालचं ब्राँझ उघडं पडलं.

पण त्या पुतळ्यात बुटापेक्षा पाहण्यासारखं पुष्कळ आहे. फ्रेंच यांनी तो 1884 मध्ये केला तेव्हा जॉन हार्वर्डचं एकही चित्र उपलब्ध नव्हतं. मग त्यांनी तिथलाच एक तरुण समोर बसवला आणि सतराव्या शतकातला पाद्री कल्पनेने उभा केला. चौथऱ्यावर ‘संस्थापक, 1638’ असं कोरलंय, तेही बरोबर नाही: महाविद्यालय 1636 चं, आणि हार्वर्ड हे संस्थापक नव्हेत, आपली ग्रंथसंपदा आणि निम्मी मालमत्ता ठेवून गेलेले दाते. चेहरा कल्पनेतला, मजकूर चुकीचा, तरी माणूस खरा वाटतो. का, ते मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं की कळतं. वाचता वाचता त्याने नुकतीच मान वर केली आहे, मन अजून पानातच आहे. पुढच्या वेळी नातवंडांचा बुटाबरोबर फोटो काढून झाला की चार पावलं मागे सरा आणि ती मान पाहा.

प्रश्न : लिंकनचा पुतळा एकाच दगडातून कोरला आहे, आणि त्याच्या हातांची बोटं मूक-बधिरांच्या खुणांच्या भाषेत ‘ए’ आणि ‘एल’ दाखवतात, असं आमच्याबरोबरच्या एकांनी सांगितलं. खरं काय? (वाचक, नाशिक)

एका दगडातून नाही. जॉर्जिया राज्यातल्या पांढऱ्या संगमरवराचे 28 ठोकळे जोडून तो केला आहे. बसलेल्या स्थितीत उंची 19 फूट. सांधे इतके नेमके बसवलेत की ते शोधावे लागतात, म्हणून एकसंध असल्याचा समज होतो. हे कौशल्य मात्र फ्रेंच यांचं नव्हे, पिचिरिली बंधूंचं. इटलीतल्या ‘करारा’ या संगमरवराच्या शहराजवळच्या मास्सा गावचं हे दगडकामाचं घराणं. सहा भाऊ, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात त्यांची मोठी कार्यशाळा होती. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयापुढचे दोन सिंहही त्यांनीच कोरलेले.

मग फ्रेंच यांनी केलं काय? हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या स्वरात फसवणूक झाल्याची भावना असते. शिल्पकार मातीत काम करतो. सगळे निर्णय तिथे होतात: गुडघा किती पुढे, खांदा किती खाली, कोटाची घडी कुठे मोडायची. त्या मातीवरून प्लास्टरचा नमुना निघतो. दगडात उतरवताना त्या नमुन्यावर तीन पक्के बिंदू धरून सुईच्या यंत्राने शेकडो ठिकाणची खोली मोजतात आणि दगडात तेवढंच भोक पाडत आत जातात. त्याला पॉइंटिंग म्हणतात. शेवटचा हात पुन्हा शिल्पकाराचा. लिंकनवर तो फ्रेंच यांनी स्वतः फिरवला.

उंचीही आधी एवढी ठरलेली नव्हती. सुरुवातीचा विचार दहा-बारा फुटांचा होता. वास्तुकार हेन्री बेकन यांनी आखलेलं लिंकन स्मारकाचं दालन उभं राहू लागलं तेव्हा ध्यानात आलं की एवढ्या जागेत पुतळा हरवेल. मग दोघांनी नमुन्याचे वेगवेगळ्या मापांचे मोठाले फोटो प्रत्यक्ष जागी उभे करून पाहिले आणि 19 फूट नक्की केलं.

आता हात. शिकागोचे शिल्पकार लिओनार्ड व्होक यांनी 1860 मध्ये लिंकनच्या चेहऱ्याचे आणि हातांचे साचे घेतले होते. हातांचे घेतले तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी नुकतीच मिळालेली, अभिनंदनाला आलेल्यांशी हस्तांदोलन करून उजवा हात सुजलेला, आणि त्या साच्यात ती सूज तशीच उतरली आहे. फ्रेंच यांनी हेच साचे वापरले. पण व्होक यांच्या साच्यात दोन्ही मुठी मिटलेल्या. फ्रेंच यांना एक मूठ आवळलेली आणि एक हात सैल हवा होता, म्हणून त्यांनी स्वतःचा हात त्या स्थितीत ठेवून त्याचा साचा काढला. म्हणजे लिंकनच्या उजव्या हाताच्या ठेवणीत थोडे फ्रेंचही आहेत!

खुणांच्या भाषेची गोष्ट पसरायला एक खरं कारण आहे. वॉशिंग्टनच्याच गॅलॉडेट विद्यापीठात फ्रेंच यांचं 1889 चं एक ब्राँझ आहे. थॉमस गॅलॉडेट हे शिक्षक आणि त्यांना टेकून उभी असलेली ॲलिस कॉग्सवेल ही बधिर मुलगी, आणि दोघं ‘ए’ हे अक्षर हाताने करताहेत. निदान हे एक अक्षर फ्रेंच यांना ठाऊक होतं, एवढं यावरून दिसतं. लिंकनच्या बाबतीत त्यांनी तसा हेतू धरल्याचा कागदोपत्री पुरावा नाही. मला तर एक मूठ आवळलेली आणि एक हात सैल, एवढंच पुरेसं वाटतं. चार वर्षं यादवी युद्ध चालवलेला माणूस आणि बंडखोर राज्यांना परत घरात घेऊ पाहणारा माणूस एकाच खुर्चीत बसवायचा, तर याहून वेगळं काय करणार?

आणि प्रकाशाचं सांगायलाच हवं. पुतळा जागेवर जोडून झाला तेव्हा फ्रेंच फार अस्वस्थ झाले. प्रकाश यायला हवा होता वरून. छत त्यासाठीच पातळ संगमरवराचं केलं होतं, त्यात पॅराफिन मुरवलं होतं, म्हणजे उजेड आत झिरपावा. तो पुरेसा आला नाही. उलट समोरच्या उघड्या बाजूने आणि खालच्या फरशीवरून उजेड उसळून चेहऱ्यावर खालून पडला. खालून उजेड पडला की भुवयांची सावली जाते, डोळे वटारल्यासारखे होतात, आणि विचारात बुडालेला माणूस घाबरलेला दिसू लागतो. तशी छायाचित्रं आहेत. एकात फ्रेंच यांनी मातीत पाहिलेला लिंकन, दुसऱ्यात हा दचकलेला, आणि दगड तोच. लोकार्पण 30 मे 1922 ला झालं, तरी फ्रेंच वर्षानुवर्षं पाठपुरावा करत राहिले. अखेर छतात विजेचे दिवे बसले, तेव्हा त्यांचा लिंकन त्यांना परत मिळाला. सत्तरी ओलांडलेला, नाव कमावलेला कलावंत ‘झालं ते झालं’ म्हणून गप्प बसला नाही, याबद्दल मला त्यांचा अतोनात आदर वाटतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजजवळ ‘चेस्टरवुड’ इथे त्यांचा स्टुडिओ आहे. तोही बेकन यांनीच बांधलेला, 1898 चा. तिथे जमिनीत चक्क रुळांचा तुकडा आहे. मोठं शिल्प गाड्यावर चढवायचं, उंच दारं उघडायची आणि ढकलत अंगणात न्यायचं. उघड्यावरचं शिल्प उन्हातच तपासायचं, हा त्यांचा दंडक. मी ते रूळ पाहिले तेव्हा इतर काही पाहायची इच्छाच उरली नाही, बराच वेळ तिथेच रेंगाळले.

प्रश्न : संगमरवर श्रेष्ठ की ब्राँझ? (कलाशाखेची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

कशासाठी, ते आधी सांग. संगमरवर दाब सोसतो, वाकणं सोसत नाही. लांबवलेला हात स्वतःच्याच वजनाने तुटू शकतो, म्हणून दगडातल्या मूर्तींच्या पायाशी झाडाचं खोड किंवा वस्त्राचा घोळ आधाराला येतो. ब्राँझ आतून पोकळ, धातूचं कवच फक्त, आणि चिवट. कॉन्कर्ड गावातला फ्रेंच यांचा पहिला मोठा पुतळा, ‘मिनिट मॅन’, 1875 चा. पंचविशीतल्या पोराने केलेला. नांगर सोडून बंदूक उचललेला शेतकरी, एक पाऊल पुढे, टाच उचललेली. अमेरिकी काँग्रेसने दिलेल्या दहा जुन्या तोफा वितळवून तो ओतला. तो पवित्रा दगडात पेलणं फार अवघड गेलं असतं. उलट खुर्चीत घट्ट बसलेला लिंकन म्हणजे दगडाला हवी तशी रास.

आणि एकच कल्पना दोन्हींत पाहायची असेल तर मिलमोर स्मारक पाहा. मार्टिन मिलमोर हा बोस्टनचा शिल्पकार ऐन उमेदीत, 1883 मध्ये गेला. भाऊ जोसेफ दगडकाम करणारा, तोही पाठोपाठ गेला. बोस्टनच्या फॉरेस्ट हिल्स दफनभूमीत त्यांच्यासाठी फ्रेंच यांनी ब्राँझ केलं. तरुण शिल्पकार स्फिंक्स (सिंहाचं धड, माणसाचं डोकं) कोरतोय, हातोडी मागे नेलेली, आणि मृत्यूची देवता हळूच हात पुढे करून छिन्नी थांबवते. झटका नाही, ओढाताण नाही. मृत्यूच्या डोक्यावरचं वस्त्र इतकं पुढे काढलंय की चेहरा सावलीतच राहतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात याचीच संगमरवरी प्रत आहे, पिचिरिलींच्या कार्यशाळेतली. तिथे दगड उजेड पसरवतो, सावली मऊ होते आणि मृत्यू अधिक कनवाळू दिसतो. मला ब्राँझमधला जास्त पटतो.

प्रश्न : न्यूयॉर्कच्या जुन्या कस्टम हाउसपुढचं ‘एशिया’ शिल्प पाहून वाईट वाटलं. तेही फ्रेंच यांचंच का? (वाचक, ठाणे)

हो. चार खंडांच्या संगमरवरी शिल्पसमूहांपैकी एक, 1907 चं. अमेरिका सावध, पुढे झेपावणारी, युरोप राणीसारखा, आफ्रिका झोपलेली, आणि आशिया डोळे मिटून, मांडीवर बुद्धमूर्ती, पायाशी कवट्या, बाजूला वाकलेली, पिचलेली माणसं. तुम्हाला वाईट वाटलं ते योग्यच आहे. त्या काळातल्या गोऱ्या अमेरिकेची समजूत फ्रेंच यांनी जशीच्या तशी उचलली. कोरीव काम उत्तम आहे, पण त्याने ते क्षम्य होत नाही. त्या इमारतीत आज अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं संग्रहालय आहे, हे जाताना जरूर लक्षात असू द्या.

प्रश्न : त्यांचा भारताशी काही संबंध आला का? (वाचक, सोलापूर)

थेट नाही. पण 1893 च्या ज्या शिकागो प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली आणि स्वामी विवेकानंद बोलले, त्या प्रदर्शनातल्या जलाशयात फ्रेंच यांचा ‘रिपब्लिक’ हा सोनेरी मुलाम्याचा 65 फुटी पुतळा उभा होता. तो टिकाऊ साहित्याचा नव्हता, पुढे जाळून टाकला. त्याची 24 फुटी ब्राँझ आवृत्ती 1918 पासून शिकागोच्या जॅक्सन पार्कमध्ये आहे.

प्रश्न : बोस्टनला एकच दिवस हाताशी आहे. काय पाहू? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

सकाळी नॉर्थ स्टेशनवरून लोकलने कॉन्कर्ड. स्टेशनपासून नॉर्थ ब्रिजपर्यंत चालत जाता येतं, ‘मिनिट मॅन’ पुलापलीकडे आहे. दुपारी शहरात परत येऊन मेट्रोच्या ऑरेंज लाइनच्या शेवटच्या स्टेशनवर, फॉरेस्ट हिल्सला उतरा. मिलमोर स्मारक दफनभूमीच्या प्रवेशद्वाराजवळच आहे. हार्वर्ड राहिलं तरी चालेल.