मुलगा दहावीत आहे आणि बेसबॉल खेळतो. कॉलेज रिक्रूटिंगसाठी आम्ही काय करावे?

आपण विचारले आहे की, न्यू जर्सीत दहावीत शिकणाऱ्या आपल्या पिचर (चेंडू टाकणाऱ्या) मुलासाठी पैसे भरून रिक्रूटिंग सेवा, म्हणजे कॉलेजच्या कोचांपर्यंत मुलाची माहिती पोचवणारी कंपनी, घ्यावी का, आणि उन्हाळ्यातल्या प्रत्येक शोकेसला, म्हणजे कोचांसमोर खेळ दाखवण्याच्या मेळाव्याला, त्याला न्यावे का. क्रिकेटवर वाढलेल्या माझ्यासारख्या बापाला हे सारे नवखेच होते. माझा मुलगा आता पेनसिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन थ्री कॉलेजात (कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिच्या तीन पातळ्यांपैकी तिसरी) सेकंड बेसवर खेळतो. त्या अनुभवावरून दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘आत्ता नको’ असे आहे.

आधी मुलगा नेमका कोणत्या पातळीचा आहे, हे कळले पाहिजे, आणि ते त्याच्या ट्रॅव्हल टीमच्या (शाळेबाहेरच्या, फी भरून खेळायच्या संघाच्या) कोचला विचारून कळेलच असे नाही, कारण त्याची फी आपणच भरतो. वसंतात मुलाला घेऊन रटगर्सचा एक सामना पाहा, कॉल्डवेलचा एक आणि रोवनचा एक. म्हणजे डिव्हिजन वन, टू आणि थ्री तिन्ही नजरेखालून जातील. आमच्या मुलाने असे तीन सामने पाहिले आणि परतीच्या वाटेवर स्वतःच सांगितले की आपली जागा कुठे आहे. मी सांगितले असते, तर महिनाभर अबोला झाला असता.

पैशाचा हिशेबही लवकर मांडावा. अमेरिकन फुटबॉलच्या गोष्टी ऐकून पूर्ण स्कॉलरशिपची आशा धरणारे पालक मला नेहमी भेटतात. डिव्हिजन वनच्या बेसबॉल संघाला अनेक वर्षे एकूण ११.७ पूर्ण स्कॉलरशिपइतकी रक्कम मिळे आणि ती २७ पर्यंत खेळाडूंत वाटली जाई. २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या, एनसीएएवरच्या खटल्यातील तडजोडीनंतर, तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांवरची ही मर्यादा उठली. मात्र संघात ३४ च खेळाडू ठेवण्याचे बंधन आले. शिवाय ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) बावीस वर्षांचा तयार पिचर मिळत असेल, तर कोच अठरा वर्षांच्या मुलासाठी थांबेलच असे नाही. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप मुळीच नसते. माझ्या मुलाला जी सवलत मिळाली, ती गुणांवर मिळाली आणि ती त्याच्या बॅटने कधीच मिळाली नसती.

डिव्हिजन वनच्या कोचांना अकरावी सुरू होण्यापूर्वीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाशी भरतीविषयी बोलता किंवा लिहिता येत नाही. म्हणून आज त्यांचे उत्तर आले नाही, तर तो नकार समजू नये. कॅम्पची जाहिरात मात्र ते पाठवू शकतात, आणि इथेच मी फसलो. मुलाच्या नावाने आलेले एक ‘खास’ निमंत्रण वाचून आम्ही फी भरली, सहा तास गाडी चालवली आणि मैदानावर तसेच निमंत्रण आलेली शे-दीडशे मुले पाहिली. कोचने मुलाचा एखादा सामना पाहिला असेल किंवा त्याच्या खेळाविषयी काही नेमके लिहिले असेल, तरच त्याला रस आहे असे मानावे.

पत्रे मुलानेच लिहावीत. सुरुवातीची पत्रे मी त्याच्या नावाने लिहिली; पुढे एका कोचने फोनवर त्यातल्याच एका वाक्याविषयी विचारले, तेव्हा त्याला काहीच सांगता आले नाही आणि तो फोन दोन मिनिटांत आटोपला. पत्रात शाळा संपण्याचे वर्ष, उंची, वजन, जीपीए (शाळेतील गुणांची सरासरी), रडारवर मोजलेला चेंडूचा वेग, दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि उन्हाळ्यातले सामन्यांचे वेळापत्रक एवढे पुरते. रिक्रूटिंग सेवा याहून फारसे काही करत नाहीत.

पिचरसाठी आणखी एक गोष्ट. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ हून अधिक चेंडू टाकू नयेत, असे एमएलबी (व्यावसायिक बेसबॉल लीग) आणि यूएसए बेसबॉल (राष्ट्रीय संघटना) यांची ‘पिच स्मार्ट’ नियमावली सांगते. हिवाळ्यात दंडाला विश्रांती हवी असताना रडारसमोर जोर लावण्यासाठी शोकेसला नेणे मला सरळ चूक वाटते.

अभ्यासाच्या बाबतीत शाळेच्या काउन्सेलरना याच महिन्यात भेटा. डिव्हिजन वनसाठी शाळेतले १६ कोअर (इंग्रजी, गणित, विज्ञान यांसारखे मुख्य) विषय लागतात आणि त्यांपैकी १० बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हावे लागतात.

अभ्यासात कडक असलेल्या डिव्हिजन थ्री कॉलेजांचे कोच बहुधा अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात गुणपत्रिका मागवून प्रवेश कार्यालयाला दाखवतात. याला प्री-रीड म्हणतात. तिथून होकार आला की ते अर्ली डिसिजनने अर्ज करायला सांगतात, आणि तो अर्ज बंधनकारक असतो, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तिथेच जावे लागते. म्हणून मुलगा हो म्हणण्याआधी त्या कॉलेजच्या संकेतस्थळावरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (सवलती वजा जाऊन प्रत्यक्ष किती खर्च येईल याचा अंदाज देणारा तक्ता) आपण दोघांनी बसून भरा, आणि तो आकडा मुलालाही दाखवा.